मिझोराममधल्या, म्यानमारच्या सीमेवरच्या झोखावथारच्या मावशींना, बडोद्याहून

मावशी, नमस्कार. बडोद्याला सुखरूप पोचले. आई म्हणाली फोनवर नुसतं थँक्यू काय म्हणतेस, नीट पत्र लिही. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण आपल्या मराठी लोकांना तुमच्याबद्दल कळायलाच हवं.

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि तिथल्या चिन राज्यातली माणसं सीमेवरची तिआउ नदी ओलांडून मिझोराममध्ये यायला लागली, तिथल्या थांतलांग गावात तर घरंच्या घरं जळाली, बघता बघता तीस हजारांच्या वर लोक आले. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि मार्चमध्ये दिल्लीहून यांना येऊ देऊ नका असं पत्रही आलं होतं, तरी तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना कळवलं की ही आमचीच भावंडं आहेत, आम्हाला गप्प बसता येणार नाही. पण सरकारच्या आधी दार उघडलं ते तुमच्यासारख्यांनी.

तुमच्याकडे राहिले तेव्हा मी प्रोजेक्टसाठी वही काढून बसले तर तुम्ही म्हणालात आधी हा मोहरीचा पाला निवड. मग निवडता निवडता तुमच्याकडे राहणाऱ्या, नदीपलीकडून आलेल्या त्या ताई आपणहून बोलायला लागल्या, रात्री धाकटीला पाठीशी बांधून पाण्यात उतरल्या, मोठ्याला सांगितलं होतं पाय घसरला तरी ओरडायचं नाही. तुम्ही हिंदी-इंग्रजी मिसळून मला सांगत होतात आणि ताई जिथे थांबल्या तिथे तुम्हीही थांबलात, पुढचं काही विचारलं नाहीत, त्यांच्यापुढे बिनदुधाचा चहा ठेवलात. मला कुठल्याच क्लासमध्ये हे कोणी शिकवलं नव्हतं.

आणि ते तांदूळ! भात शिजवायच्या आधी चर्चसाठी एक मूठ बाजूला काढायची तुमच्याकडची जुनी पद्धत, ती तुम्ही घरात खाणारी तोंडं दुप्पट झाल्यावरही सोडली नाहीत. मी रोज बघत होते. मनापासून आभार मावशी, माझ्यासाठी जे केलंत त्याचे आणि त्यांच्यासाठी जे करताय त्याचेही.

मिझोराम सरकारने २०२१ मध्येच निर्वासितांच्या मुलांना सरकारी शाळेत घ्यायला सांगितलं ते फार बरं झालं. आता ताईंच्या दोघा मुलांच्या युनिफॉर्मचं आणि बुटांचं माप कळवा, आई इथून पाठवतेय, सोबत लीलो चिवडो, म्हणजे इथला ओला चिवडाही आहे, पाऊस सुरू होऊन रस्ता बंद व्हायच्या आत पार्सल निघायला हवं.