व्यसनमुक्तीतली चित्रकला म्हणजे टाइमपास नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन आला की रॅली निघते, शपथ होते, फोटो छापून येतात. पण माणूस बाहेर कसा पडतो त्यावर फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. मी चित्रकलेची शिक्षिका, रिटायर झाल्यापासून एका व्यसनमुक्ती केंद्रात शिकवायला जाते.

पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा शहरात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, धुमाकूळ घातला होता. अवचट स्वतः चित्रं काढायचे, लाकडात कोरायचे, ओरिगामी करायचे, बासरी वाजवायचे, आणि हे सगळं त्यांनी केंद्रातल्या रुग्णमित्रांपर्यंत नेलं. ही वाट आपल्याकडे तेव्हापासून आहे, तरी बऱ्याच ठिकाणी अजून ड्रॉइंग म्हणजे रविवारचा वेळ घालवणं.

टर्की, म्हणजे नशा बंद केल्यावर शरीराला होणारा त्रास, चालू असताना ब्रश हातात देऊन काही होत नाही हे आधीच सांगते, तेव्हा डॉक्टर आणि औषधंच लागतात. खरी गरज त्यानंतर. शरीर सावरतं पण डोक्यातली तलफ जात नाही, ग्रुपमध्ये बोल म्हटलं की पोरगा खाली मान घालून बसतो, घरच्यांना वर्षानुवर्षं थापा मारलेल्या असतात त्यामुळे स्वतःच्या शब्दांवर त्याचाच भरवसा नसतो. त्याला तलफ कशी दिसते ते काढ म्हटलं तर काढतो हो! कोणी काळा गोळा काढतं, कोणी नाक्यावरचा मित्र काढतं, आणि तो नाका कागदावर आला की काउन्सिलरला विचारता येतं की घरी गेल्यावर या रस्त्याने जाणार का, दुसरा रस्ता आहे का. एवढं कामाचं बोलणं नुसत्या लेक्चरमधून निघताना मी पाहिलं नाही.

पण माझ्यासारखी शिक्षिका म्हणजे आर्ट थेरपिस्ट, म्हणजे कलेतून मनावर उपचार करायला शिकलेली व्यक्ती, नव्हे. चित्रात कधी फार जुनी जखम वर येते, तेव्हा ती सांभाळणारं शिकलेलं माणूस शेजारी हवं, म्हणून अनुदान देताना सरकारने अशा प्रशिक्षित माणसाच्या पगाराचाही विचार करावा, नुसते रंग आणि कागद पुरवून भागणार नाही.

घरच्यांनाही विनंती, भेटीला आलात की चित्र छान आहे की वाईट ते सांगू नका, हे काय आहे एवढंच विचारा आणि ऐका. आणि संपादकसाहेब, प्रदर्शनाची बातमी जरूर द्या पण त्या मुलांची परवानगी घेतल्याशिवाय नाव-फोटो छापू नका, त्यांना उद्या नोकरी मागायला जायचंय.

आपली,
एक कलाशिक्षिका, पुणे