बाठे, साली आणि दादाचं कर्ज

रविवार, १२ एप्रिल
बोडनझे, जर्मनी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. थंडी ओसरली, सफरचंदाची झाडं फुलायला लागलीत. कुळथाचं पीठ अजून दीड डबा आहे, तेव्हा आईने दर फोनला "जेवलंस काय गो?" विचारायची गरज नाही. विचारलंस तरी चालेल.

काकूला सांगा, मी कचऱ्यात काम करत नाही. रस काढून उरलेला सफरचंदाचा चोथा आमच्याकडे सुकवून येतो, त्यातून पेक्टिन, म्हणजे जॅम-जेली घट्ट बसवणारा पदार्थ, निघतो. त्याची जेली किती घट्ट बसते, ते मी मोजते. पांढरा कोट घालून.

आता दादाचा बेत. व्हिडिओ बघून आंब्याच्या सालींचं पेक्टिन करायला कर्ज काढायचं म्हणतोयस, तर आधी हा हिशेब बघ. १०० किलो ओल्या साली सुकून २० ते २५ किलो होतात. अर्क काढायला त्याच्या वीसपट पाणी लागतं, म्हणजे ४०० ते ५०० लिटर. पेक्टिन साकळायला अर्काच्या दुप्पट स्पिरिट, म्हणजे ८०० ते १००० लिटर. उतारा दहा टक्के धर. हातात दोन-अडीच किलो पावडर. इथे अर्क आधी आटवतात आणि वापरलेलं स्पिरिट ऊर्ध्वपातन करून परत मिळवतात. खरा कारखाना तोच, बाकी सगळी भांडीकुंडी. त्यात उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आणि आगीची भीती. व्हिडिओत यातलं काही दाखवत नाहीत.

पण पावडर हवीच कशाला? अर्क तसाच आपल्या जॅममध्ये घाला. एक किलो ताजी साल नखाएवढी चिरा आणि उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका. हे चुकवू नका: सालीत पेक्टिन मोडणारं एन्झाइम असतं, ते इथेच मरतं. ते पाणी टाकून साल एकदा गार पाण्यात धुवा. मग दोन लिटर पाणी, वीस ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, आणि ८५ ते ९० अंशावर तासभर. खळखळ उकळू द्यायचं नाही. जास्त तापलं किंवा आंबटपणा फार वाढला की पेक्टिनच्या साखळ्या तुटतात. अर्क दिसायला छान, पण जॅम बसत नाही. गरम असतानाच दुहेरी पंचातून गाळा. टांगून ठेवा, पिळू नका, पिळलं की गढूळ होतं. भांडं स्टीलचंच. लोखंडी कढईत सालीतल्या तुरटपणामुळे अर्क काळा पडतो.

झाला की नाही ते बघायला काचेच्या बाटलीत एक चमचा गार अर्क घ्या, दोन चमचे कडक स्पिरिट घाला, मिनिटभर थांबा. काडीने उचलता येईल असा एकसंध गोळा झाला तर उत्तम. नुसते धागे-पापुद्रे आले तर अर्क आटवावा लागेल. हा नमुना चाखायचा नाही, फेकायचा. मग एक किलो आमरस, एक किलो साखर, अर्धा लिटर अर्क, आणि साखरेचं प्रमाण मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ६८ येईपर्यंत आटवा. वरून आणखी सायट्रिक नको, अर्कात आहेच. जास्त झालं की बरणीत जॅमला पाणी सुटतं. अर्क त्याच दिवशी संपवा. आणि फवारणीनंतर ठरलेले दिवस गेल्याशिवाय काढलेल्या आंब्याची साल घेऊच नका. फवारा सगळ्यात आधी सालीवरच बसतो.

साल थांबत नाही, बाबा. दुपारी सोललेली रात्री आंबायला लागते. संध्याकाळी ट्रॉली भरून माडांच्या मुळात नेण्यापेक्षा, सोलणाऱ्या बायकांच्या शेजारीच पातेलं चढवा.

बाठ्यांचं वेगळं. आतल्या सुक्या गरात तेल जेमतेम सात ते बारा टक्के, घाण्यावर त्याचा खर्च निघत नाही. सॉल्व्हंट वापरून तेल काढणाऱ्या कारखान्यालाच सुका गर विकायचा. बाठे धुऊन, फोडून, गर वाफवून, काप करून वाळवायचे. ओले ठेवले तर तेल खवट होतं आणि बुरशी धरते. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी हे उरकलं पाहिजे, नंतर आपल्या हवेत काही वाळत नाही. म्हणून कर्ज काढायचंच तर लहान ड्रायरपुरतं काढ.

कोकमाच्या बियांचं आईला मी काय शिकवणार! एवढंच सांगते की युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय सहाच वनस्पती-चरब्या चालतात, त्याही पाच टक्क्यांपर्यंत. २००० सालचा नियम आहे. त्या सहांत एक आंब्याच्या बाठ्यातलं आणि एक आपलं कोकम तेल. मामी ज्याने टाचा चोळते तेच. आमसुलं घातल्यावर बिया उकिरड्यावर जाऊ देऊ नका.

इथली एक गंमत सांगायची राहिली. रिकाम्या काचेच्या बाटल्या घरच्या डब्यात टाकत नाहीत. रस्त्याच्या कडेला तीन टाक्या: पांढरी काच, तपकिरी काच, हिरवी काच. निळी बाटली कुठे? तर हिरवीत. झाकण काढून वेगळं. हे सगळं पाठ करून मी एकदा लोणच्याची बरणी घेऊन गेले, तर शेजारच्या आजींनी खिडकीतून हाक मारली: आज रविवार! रविवारी बाटली टाकायची नाही, फुटल्याचा आवाज होतो. इतर दिवशीसुद्धा संध्याकाळनंतर नाही. चर्चच्या घंटेचा आवाज चालतो, बरणीचा नाही. बरणी घेऊन परत आले. आजही दोन बरण्या दारामागे आहेत, सोमवारची वाट बघत.

पैसे २५ तारखेला निघतील. कौलं मिरगाआधी बदलून घ्याच, माझ्यासाठी खोली रंगवत बसू नका. दादाला ड्रायरसाठी मी वेगळे देईन, ते कर्ज नाही, पण व्हिडिओवाल्याला आगाऊ एक रुपयाही देऊ नका. चिपळूणच्या स्थळाबद्दल मी नाही म्हटलेलं नाही. त्यांना फोनवर बोलायचं असेल तर शनिवारी दुपारी बोलेन. इकडे येऊन राहायची तयारी आहे का, तेवढं मात्र बाबांनीच विचारावं, माझ्या तोंडी ते बरं दिसणार नाही. गणपतीला याही वर्षी जमेलसं दिसत नाही. नेमका तेव्हाच नवा चोथा यायला लागतो. आईने मोदक करताना फोन उभा करून ठेवावा, मी बोलणार नाही, नुसती बघेन.

सर्वांना सा. न., छोटूस अनेक आशीर्वाद.

तुमची,
बाय

ता. क. : आंबटपणा मोजायच्या पीएच पट्ट्यांची दोन पाकिटं मेमध्ये गावी येणाऱ्या मैत्रिणीबरोबर पाठवतेय. अर्काचा पीएच दोन ते अडीचच्या मध्ये हवा. पट्ट्या ओल्या हाताने काढू नका.