रुमालावर ठेवलेल्या चाव्या

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव या पत्रात लिहिलेले नाही. आपल्याला न विचारता ते चारचौघांत आणणे मला योग्य वाटले नाही, आणि प्रयोग संपल्यावर मी आपल्याला शोधत विंगेत आले तेव्हा माझे बोलणे अर्ध्यावर थांबवून आपण ज्या रीतीने केबलची वेटोळी घालू लागलात, त्यावरून आपल्यालाही ते रुचले नसते असे वाटते. त्या नाट्यगृहाचे दिवे सांभाळणारे काका, एवढी ओळख पुरेशी व्हावी. प्रयोगाला आता तीन आठवडे झाले आहेत. या काळात मी हे पत्र चार वेळा लिहायला घेतले आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या परिच्छेदाशी येऊन थांबले, कारण आपले आभार मानायचे तर त्याआधीच्या पाच महिन्यांविषयी लिहावे लागते आणि ते लिहिताना राग अजूनही वर येतो. आज तो आला तरी येऊ द्यायचे ठरवले आहे.

आमची संस्था हौशी आहे. दिवसभर कुणी शिकवते, कुणी औषधे विकते, मी हिशेब तपासते, आणि सगळे कामावरून सुटले की तालमी सुरू होतात. या नाटकाचे संगीत मी केले. त्याचा बराचसा भाग घरचे सगळे झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून कानाला हेडफोन लावून झाला. नाटकाच्या तिसऱ्या प्रवेशात एक बाई गेलेल्या माणसाचे कपडे एकेक करून घडी घालते. प्रवेश अकरा मिनिटांचा आहे आणि त्यात एकही संवाद नाही. तिथे मला सुरावट नको होती, कारण सुरावट आली की ती प्रेक्षकाला लगेच सांगू लागते की आता वाईट वाटून घ्या. म्हणून चेलोच्या, म्हणजे गजाने वाजवायच्या त्या मोठ्या तंतुवाद्याच्या, मोकळ्या तारेवरचा एकच खालचा स्वर अगदी हलक्या गजाने धरून ठेवायचा आणि शेवटच्या दोन मिनिटांत त्यावर एक आवाज शब्दांवाचून उमटायचा, इतकेच मी लिहिले. ऐकायला हे सोपे वाटते. वाजवणाऱ्याला मात्र त्यात लपायला कुठेही जागा नसते. द्रुत लयीत एखादी चूक निसटून जाते. इथे गज फिरतानाचा प्रत्येक सांधा कानावर येतो.

तालमीच्या खोलीत तो स्वर निवांत जागेतल्या ज्योतीसारखा स्थिर असे. पहिल्या प्रयोगात तो थरथरला. दुसऱ्या प्रयोगात थरथरला. तिसरा प्रयोग वेगळ्या नाट्यगृहात होता, तिथेही तो तसाच थरथरला, आणि मग लोकांनी निष्कर्ष काढून टाकला. एका नाट्यगृहात ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्यांनी हातातल्या मोबाइलवरून नजरही न उचलता सांगितले की तुमच्या बाईंचा हात कापतो. एका जाणकार गृहस्थांचे मत मी मुद्दाम मागितले होते. त्यांनी ध्वनिमुद्रणातले दीड मिनिट ऐकले आणि ‘चेलो बेसूर’ एवढे दोन शब्द लिहून पाठवले. आमच्याच एका ज्येष्ठांनी, आपण हौशी माणसे आहोत, हे नवे संगीत वगैरे आपल्याला पेलणारे नाही, संगणकावरचा एखादा तयार तुकडा लावा, असा सल्ला सर्वांसमक्ष दिला. हौशी या शब्दाचा उपयोग लोक असा करतात, याचे मला फार वाईट वाटते. इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘प्रेम करणारा’ या शब्दात आहे, आणि आपल्या भाषेत तर हौस त्या शब्दातच उघड दिसते. हौस असलेला माणूस कमी मेहनत घेतो हे कुणी ठरवले, मला ठाऊक नाही.

या सगळ्याचा भार माझ्यावर कमी आणि आमच्या चेलोवादक मैत्रिणीवर जास्त आला. तिने चाळिशी उलटल्यावर हे वाद्य हाती घेतले. पहाटे उठून, कामावर जाण्याआधी, रोज पाऊण तास ती फक्त गज ओढण्याचा रियाज करते. ‘हात कापतो’ हे ऐकल्यापासून ती आरशासमोर बसून मनगटाकडे पाहत वाजवू लागली. एकदा तिने डॉक्टरांना हात दाखवून आणला. त्यांना काहीही आढळले नाही, तेव्हा ती म्हणाली की मग दोष मनात असेल. आणि ज्या गोष्टीपाशी माझे पत्र दर वेळी अडले ती गोष्ट अशी की मीही तिच्यावर शंका घेऊ लागले होते. मी तिला तसे कधी बोलले नाही, पण चौथ्या प्रयोगासाठी तो प्रवेश तिच्याऐवजी ध्वनिमुद्रणावर करावा का, हे मी दिग्दर्शिकेला विचारले होते. ते तिच्या कानावर गेले होते, हे मला नंतर कळले.

अशा मनःस्थितीत आम्ही आपल्याकडे रंगीत तालमीला आलो. प्रकाशाच्या पातळ्या ठरल्या, पहिले दोन प्रवेश सुरळीत झाले आणि तिसऱ्यात तेच घडले. तीन-चार मिनिटांनी तिने गज खाली ठेवला. कुणी काही बोलले नाही. दिग्दर्शिकेने पुढचा प्रवेश घेऊ या असे सांगितले आणि सगळे आपापल्या जागा बदलू लागले. तेव्हा आपण प्रकाशकक्षातून जिना उतरून प्रेक्षागृहात आलात आणि थेट तिला विचारलेत, “ताई, हे पुन्हा एकदा वाजवाल का? सुरुवातीपासून. मी मध्ये बोलणार नाही.”

काका, मला आपल्याला जे सांगायचे आहे ते त्यानंतरच्या एका क्षणाविषयी आहे आणि आपल्याला तो आठवतही नसेल. आपण शेवटून दुसऱ्या रांगेत बसलात. कमरेला चाव्यांचा जुडगा होता, तो आपण काढलात. बाजूच्या खुर्चीवर ठेवायला हात पुढे नेलात, थांबलात, खिशातून रुमाल काढून त्याची चौघडी केलीत आणि त्या घडीवर चाव्या अशा अलगद ठेवल्यात की त्यांचा जराही आवाज झाला नाही. मग डोळे मिटलेत. वाजवणे अजून सुरूही झालेले नव्हते. आपण शांतता आधीच तयार करून ठेवत होतात, आणि तीही एका अशा बाईसाठी, जिला सगळ्यांनी मिळून बेसूर ठरवले होते. मी विंगेतून ते पाहिले आणि मला आधाराला पडदा धरावा लागला.

तिने पूर्ण अकरा मिनिटे वाजवले. तो प्रवेश अखेरपर्यंत ऐकायचा म्हणून ऐकणारे, आमच्या संस्थेबाहेरचे आपण पहिले गृहस्थ होतात. संपल्यावर आपण थोडा वेळ तसेच बसून राहिलात आणि मग गुणगुणून दाखवलेत. एक स्वर गुणगुणून म्हणालात, “हा ताईंचा.” त्याहून किंचित चढा दुसरा स्वर काढलात आणि म्हणालात, “आणि हा माझ्या डिमरचा. ताईंचा हात स्थिर आहे.” मग आपण वर गेलात, तिला वाजवत राहायला सांगितलेत आणि सगळे दिवे शून्यावर आणलेत. मिट्ट काळोखात तो स्वर तालमीच्या खोलीत असे तसा, निश्चल ऐकू आला. पाच महिन्यांत पहिल्यांदाच एका नाट्यगृहात आम्हाला आमचे संगीत ऐकू आले होते.

कारण मी पुढे समजून घेतले. दिवे मंद करणारा डिमर विजेच्या प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग कापतो आणि उरलेला दिव्याला देतो. सेकंदाला 50 आवर्तने करणाऱ्या विजेत अशा अर्धलहरी 100 असतात, म्हणून डिमरमधली वेटोळी आणि दिव्यांतल्या तारा सेकंदाला 100 वेळा कंप पावतात आणि त्यातून बारीक गुंजन निघते. दिवे पूर्ण तेजावर असले की ते जवळजवळ ऐकू येत नाही. निम्म्या उजेडाच्या आसपास ते सर्वांत ठळक असते, कारण तिथे वीज लहरीच्या माथ्याशी एकदम सुरू होते. आमच्या तिसऱ्या प्रवेशात दिवे नेमके निम्म्यावर असतात. आणि चेलोच्या ज्या मोकळ्या तारेवर तो प्रवेश उभा आहे, तिचा स्वर 98 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 98 कंपनांचा आहे. इतके जवळचे दोन स्वर एकत्र आले की त्यांच्या लहरी क्षणात एकमेकींना बळ देतात आणि क्षणात खोडून काढतात. 98 आणि 100 मध्ये हे सेकंदाला दोनदा होते. कापऱ्या हाताने गज ओढला तर साधारण तसेच ऐकू येईल. तालमीच्या खोलीत डिमर नव्हता, म्हणून तिथे काही झाले नाही. नाट्यगृहे बदलली तरी वीज तीच होती, म्हणून थरथर आमच्या मागोमाग येत राहिली आणि दोष दर वेळी तिच्या हातावर येत राहिला. वादक दोन तारा जुळवताना याच डोलण्याकडे कान लावतात, म्हणजे ही काही गूढ विद्या नव्हे. ज्या जाणकारांना मी विचारले त्यांना हे नक्कीच ठाऊक असणार. त्यांनी दीड मिनिटाऐवजी अकरा मिनिटे दिली असती, किंवा निदान एकदा नाट्यगृहात येऊन बसले असते, तर एका बाईला डॉक्टरांकडे जावे लागले नसते.

पुढचे सगळे तासाभरात झाले. दिव्यांच्या पातळ्या हलवल्या तर दिग्दर्शिकेचा प्रवेश मोडला असता, म्हणून आपणच सुचवलेत की ताईंनी थोडे वर यावे. ट्यूनरवर, म्हणजे तारा जुळवण्याच्या यंत्रावर, आधार-स्वराच्या नेहमीच्या 440 हर्ट्झच्या जागी 449 आकडा आला, सगळ्या तारा अर्ध्या स्वराच्या एक तृतीयांशाहून थोड्या अधिक चढल्या, आमची 98 ची तार 100 वर आली, आणि गाणाऱ्या मुलीने तो नवा षड्ज दोन-तीनदा मनाशी घोळवून घेतला. ज्या गुंजनाने पाच महिने आमचा स्वर मोडला, तेच आता त्याच्याखाली खर्जासारखे उभे राहिले. विजेची वारंवारता दिवसभरात किंचित मागेपुढे होत असते, त्यामुळे प्रयोगाच्या वेळी दोन्ही स्वर अगदी तंतोतंत एक नव्हते. पण आता थरथरीच्या जागी फार संथ असे भरणे आणि ओसरणे होते, झोपलेल्या माणसाच्या श्वासाहूनही संथ. हे मी लिहिलेले नव्हते. मला लिहिताही आले नसते. रंगमंचावरची बाई शर्टाची बाही सारखी करत होती आणि सगळे नाट्यगृह तिच्याबरोबर श्वास घेत आहे असे वाटत होते. अकरा मिनिटांत कुणी खोकलेसुद्धा नाही.

आपण त्या दिवशी जे केलेत ते आपल्या कामाचा भाग नव्हते. दिवे ठरल्याप्रमाणे लागले की आपली जबाबदारी संपत होती, आणि एका हौशी संस्थेचे संगीत चांगले ऐकू आले काय नि वाईट ऐकू आले काय, आपल्याला त्याचा जाब कुणी विचारला नसता. मी या तीन आठवड्यांत अनेकदा विचार केला की जाणकारांकडे नसलेले असे आपल्याकडे काय होते. कान म्हणावे तर त्यांचेही तयार आहेत. मला वाटते की समोरचा माणूस खोटे बोलत नसेल, मेहनत चोरत नसेल, असे आपण आधी धरून चाललात आणि मग ऐकलेत. त्यांनी आधी ठरवले आणि मग ऐकले. ही सभ्यता मला अलीकडे कमी भेटते. कार्यालयात, रांगेत, घरात, मी स्वतःही दिवसातून कितीतरी वेळा कुणाचे तरी दीड मिनिट ऐकून निकाल देऊन मोकळी होत असते. त्या तालमीनंतर मी माझ्या मैत्रिणीजवळ जाऊन ध्वनिमुद्रणाची गोष्ट कबूल केली आणि क्षमा मागितली. “माहीत होतं मला,” एवढेच ती म्हणाली आणि तिने हात पुढे करून माझा हात बराच वेळ धरून ठेवला. तिचा हात खरोखरच स्थिर होता.

घरी रात्री काम करताना मी आता हेडफोन काढून ठेवते. आमच्या फ्रिजचे यंत्र सुरू झाले की तोच स्वर स्वयंपाकघरात भरतो. इतकी वर्षे तो तिथे होता आणि मी त्याच्याविरुद्ध कान बंद करून संगीत लिहीत होते. नव्या नाटकाचे काम हाती घेतले आहे आणि त्याचा पहिला प्रवेश मी त्या स्वरावर बेतते आहे. तो लिहून झाला की आपल्याला वेळ असेल त्या दुपारी येऊन ऐकवण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. ताईंनीही आपल्याला नमस्कार कळवायला सांगितला आहे. त्यांचा ट्यूनर अजून 449 वरच आहे.

आपली कृतज्ञ,
तिसऱ्या प्रवेशाचे संगीत करणारी