मशीनने मनगट वाचेल, कंबर नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंढपाळांना लोकर कातरायची मशिने अनुदानावर द्यावीत, ही मागणी आपल्या अंकात वाचली. मागणी रास्तच आहे. पण आमच्या घरात कातरणी चालते म्हणून सांगतो, मशीनने मनगटाचा त्रास कमी होईल, कंबरेचा नाही. बसायची पद्धत तीच राहणार.

साक्री तालुक्यात आमच्याकडे मेंढ्या वर्षातून दोनदा कातरतात. मेंढी पांझरा नदीत धुवायची, सुकू द्यायची, पाय बांधून जमिनीवर आडवी करायची आणि उकिडवे बसून वाकायचे. लोकरीतल्या मेणाने हात निसटतो, म्हणून बाबा कातरीच्या कड्यांना धोतराची चिंधी गुंडाळत. संध्याकाळी उठताना आधी काठी, मग गुडघे, सगळ्यात शेवटी कंबर. मेंढीने झटका दिला की कातरीचे टोक डाव्या हातात. त्यावर हळद दाबून काम पुढे चालू. धनुर्वाताचे इंजेक्शन कोणाला आठवते?

गेल्या हंगामात आम्ही छोटा हत्ती टेम्पोचा मागचा फाळका पाडला आणि मेंढी त्यावर ठेवून उभ्याने कातरली. कंबर एवढी धरली नाही. पंचवीस-तीस किलोची मेंढी वर चढवायला जोडीदार लागतो, एकट्याने उचलायला गेलात तर उलट मणकाच जाईल. आदल्या रात्रीपासून चारा बंद ठेवला तर ती हलकी राहते, धडपडही कमी करते. आमच्यात मात्र सकाळी पोटभर चारून दुपारी कातरायला घेतात.

ऑस्ट्रेलियात वाकूनच कातरतात, पण शेडच्या छतापासून स्प्रिंगचा पट्टा टांगून छातीचा भार त्यावर टाकतात. आपल्या वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या तळावर, छतच नसते, तेव्हा ते राहू द्या. गुडघाभर उंचीचा लाकडी ओटा, बसायला पाट आणि धार लावायची सोय एवढे तरी मशीनसोबत द्यावे. बोथट कातर दुप्पट जोर मागते, आणि मशीनचे पाते बोथट झाले तर ते लोकर ओढते, मेंढी बिथरते.

शेळी-मेंढी महामंडळाचे प्रक्षेत्र चाळीसगावजवळ बिलाखेडला आहे. तिथल्या माणसांनी एकदा साक्रीकडे येऊन उभ्याने कातरून दाखवावे. फक्त दिवाळीच्या आधी या, नंतर वाडे मेंढ्या घेऊन चराईला बाहेर पडतात आणि गावात म्हातारी माणसेच उरतात.

आपला,
एक मेंढपाळपुत्र, साक्री (जि. धुळे)