ताक्याचा लॉट नंबर बिलावर लिहा

महोदय,

वसईत ख्रिस्ती लग्नांचे कपडे मी शिवते. नाताळपासून ईस्टरआधीचा उपवासकाळ लागेपर्यंत माझ्याकडे ब्राइड्समेडच्या, म्हणजे नवरीच्या करवल्यांच्या, एका रंगाच्या गाउनचं काम असतं. हल्ली या मुली एका गावात नसतात. एक विरारला, एक पुण्यात, एखादी थेट दुबईला. प्रत्येक जण मोबाइलवर रंग बघून आपापलं कापड मागवते. ‘वाइन’ म्हणून आलेलं एक सॅटिन जांभळट निघतं, दुसरं विटकरी. वेदीपुढे मुली ओळीने उभ्या राहिल्या की हा फरक लपत नाही.

यात मुलींचा काय दोष? प्रत्येक मोबाइलचा पडदा रंग वेगळा दाखवतो. एकच रंग दोनदा रंगवला, तर दोन लॉटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या कापडांत, छटा थोडी हलतेच. सॅटिन आणि जॉर्जेट एका रंगाचे असूनही वेगळे दिसतात, कारण सॅटिन चमकतं. ट्यूबलाइटखाली जुळलेले तुकडे उन्हात वेगळे दिसू शकतात, म्हणून मी नमुना नेहमी दाराबाहेर नेऊन पाहते.

दुकानदारांनी आणि ऑनलाइन विक्रेत्यांनी ताक्याचा लॉट नंबर बिलावर लिहावा. आधी छोटा नमुना पाठवायची सोय ठेवावी, पैसे घेऊन का होईना. विणकामाच्या लोकरीच्या गुंड्यावर असा नंबर छापलेला असतो, मग हजारो रुपयांच्या सॅटिनवर का नसावा?

आणि नवरीकडच्यांनो, सगळ्यांचं कापड एकाच जणीने, एकाच ताक्यातून, थोडं जास्त धरून घ्या. एखादी बाही बिघडली, तर नंतर तोच रंग मिळेलच असं नाही.

– एक शिवणकाम करणारी वाचक, वसई