विट्याच्या गलाईवाल्या काकांना जाहीर थँक्यू

काका, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "जेवलास का" विचारून विषय बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय, आता बसा वाचत.

तुमच्या सोनं गाळायच्या दुकानात सोन्याचा पातळ पत्रा मागायला आलो तेव्हा तुम्हाला वाटलं पोरगं लग्नाचं बघतंय 😀 आमचं काम असं, की १४ एमईव्ही ऊर्जेचे (एमईव्ही म्हणजे अशा कणांच्या ऊर्जेचं माप) न्यूट्रॉन लोखंडावर सोडायचे आणि किती अणूंचं मँगनीज-५६ झालं ते मोजायचं. ड्युटेरियम-ट्रिटियमच्या फ्युजनमधून असलेच न्यूट्रॉन निघतात, आणि उद्या फ्युजन रिॲक्टरच्या भिंतीतल्या स्टीलला तेच झेलायचेत. पण किती न्यूट्रॉन आदळले हे कळणार कसं, त्याला चार्जच नाही, म्हणून लोखंडाच्या दोन्ही बाजूंना सोन्याची चकती लावायची. आदळलेला न्यूट्रॉन सोन्याच्या अणूतला एक न्यूट्रॉन बाहेर उडवतो, असे किती अणू बदलले ते मोजलं की आदळलेल्या न्यूट्रॉनचा हिशोब लागतो. ही रिॲक्शन होण्याची शक्यता किती, हा सोन्याचा आकडा जगभर नीट मोजलेला आहे, १४ एमईव्हीला साधारण २ बार्न (बार्न हे त्या शक्यतेचं माप), आणि ८ एमईव्हीच्या खालच्या न्यूट्रॉनला ही रिॲक्शन जमतच नाही, म्हणजे भिंतीवर आपटून मंदावलेले आपोआप हिशोबातून बाद.

फक्त सोनं चोख पाहिजे. तांबं राहिलं तर तेही ॲक्टिव्ह होतं आणि वजनावरून काढलेली अणूंची संख्या पण चुकते. पत्रा जाड झाला तर बदललेल्या अणूंमधून निघणारा, आम्ही मोजतो तो ३५६ केईव्हीचा (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) गॅमा किरण सोन्यातच अडकतो, डिटेक्टरपर्यंत येतच नाही. तुम्हाला यातलं एवढंच सांगितलं होतं की "चोख आणि पातळ", आणि तुम्ही टंच काढलात, मनासारखा नाही आला म्हणून परत मुशीत घातलंत, मग रोलिंग मशीनमधून काढायचं, तापवायचं, परत काढायचं, कड जरा फाटली की सगळं पहिल्यापासून! गिऱ्हाईक ताटकळत बसलेलं, तुम्ही आपले पत्र्यात. दोन्ही चकत्यांचे आकडे एकमेकांशी जुळले तेव्हा आमचे गाईड म्हणाले, हे कुठून आणलंस? विट्यातनं, म्हटलं.

तुम्ही विचारलं होतं सोन्याचं पुढं काय होतं. न्यूट्रॉनचा मार बसलेल्या अणूचं सोनं-१९६ होतं, ६ दिवसांत त्यातलं निम्मं संपतं, आणि शंभरातले ९३ अणू प्लॅटिनम होतात, बाकीचे पारा. धंदा बदलायचा विचार करू नका, तुमच्या काट्यावर दिसण्याइतकं काही नाही ते.

निकेल आणि झिर्कोनियम अजून मोजायचंय, तेव्हा चकत्या परत लागणार. या खेपेला मजुरी घ्या, नाहीतर मी काकूंकडं देईन.