ब्रेकचा पाय

सातारा, गुरुवार रात्र

प्रिय बंड्या,

वर्षभर तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. रागावला असशील तर रागाव, पण आधी वाच. हे फोनवर बोलता येत नाही, घरात कुणी ना कुणी कान देऊन असतंच.

माझा पाय बरा आहे. सज्जनगडाच्या पायऱ्यांवर शेवाळावरून घसरलो, उजवा घोटा मोडला, प्लेट घातली, आता गुडघ्याखालपर्यंत वॉकर बूट. सहावा आठवडा संपला. अण्णाही बरे आहेत.

मागच्या मंगळवारी पहाटे साडेचारला अण्णांना दम लागला. आडवं होता येईना, उठून बसले तरी श्वास पुरेना. ही माहेरी, पोरगा पुण्यात. मी किल्ली उचलली, अण्णांना मागे बसवलं आणि बूट घातलेल्या पायानं गाडी काढली.

तू पोलीस परेड ग्राउंडवर मला गाडी शिकवलीस ते आठव. ‘टाच जमिनीला, चवडा फिरव!’ असा ओरडायचास की कुंपणापलीकडची म्हैस दचकायची. बंड्या, त्या बुटात टाच टेकून चवडा फिरतच नाही. घोटा जखडलेला, तळवा जाड आणि खाली गोलाकार. अख्खी मांडी उचलून पाय अॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर न्यावा लागतो, आणि पेडल किती दाबलं हे पायाला कळतच नाही.

गोडोलीच्या तळ्यापासून पोवई नाक्याकडे निघालो. चाळीसचा वेग असेल. डाव्या गल्लीतून सायकलवर दुधाच्या किटल्या लावलेला पोरगा बाहेर आला. मी ब्रेक दाबला आणि गाडी गुरगुरली. बुटाची कड अॅक्सिलरेटरवरही पडली होती. पाय उचलून पुन्हा दाबला. गाडी थांबली तेव्हा त्याच्या मागच्या चाकात आणि माझ्या बंपरमध्ये दोन हातांचं अंतर होतं. पोरगा मागे न बघता निघून गेला. अण्णा डोळे मिटून होते.

अण्णांच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं. तीन दिवसांनी घरी आलो. सगळे म्हणाले, शाबास, वेळेवर पोचवलंस. ही माझ्या पायाला तेल लावताना रडली. पोराचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

चाळीसच्या वेगात गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर झाला की साडेपाच मीटर गेले. हा हिशेब मी रोज रात्री करतो. आणि फोन माझ्या हातात होता, बंड्या. १०८ लावता आला असता. वरच्या मजल्यावरच्या काकांना हाक मारता आली असती. मला सुचलंच नाही असं मी म्हणत नाही. सुचलं होतं, पण वाट बघवली नाही.

आता तुझं. १९९६, ताईचं लग्न. तुझा डावा पाय प्लास्टरमध्ये, आणि तू अण्णांची पद्मिनी गाडी घेऊन गुरुजींना आणायला गेलास. परत येताना मांडवाचा खांब पाडलास. मी भर मांडवात, तुझ्या आईसमोर म्हणालो, ‘तुला माणसांच्या जिवाची किंमत नाही.’ दोन वर्षं आपण बोललो नाही. नंतर बोलायला लागलो, पण त्या वाक्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही. तुझा पाय क्लचचा होता. माझा ब्रेकचा. तुझ्या हातून एक बांबू पडला. त्या दिवशी गाडी चालवायला नको होतीस हे मी अजूनही म्हणेन, पण ते वाक्य चुकीचं होतं. मला माफ कर.

पुढच्या आठवड्यात बूट निघेल. घरातले समजतात, बूट निघाला की स्टिअरिंग हातात. घोट्याच्या ऑपरेशननंतर अचानक ब्रेक दाबायचा वेग पूर्ववत व्हायला साधारण नऊ आठवडे लागतात, असं अशा रुग्णांची चाचणी घेतलेल्या डॉक्टरांना दिसलं होतं. बूट त्याच्या आधीच निघतो. गाडी चालवण्याजोगी तब्येत नाही हे माहीत असून चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली पहिल्या वेळी १००० रुपयांपर्यंत दंड आहे. त्या पोराचा हिशेब त्यात बसत नाही. बंद गाडीत बसून मी ब्रेक जोरात दाबून बघतो. घोटा अजून कळवळतो. कळवळायचा थांबेपर्यंत मी गाडीला हात लावणार नाही. हिला काय कारण सांगू, तेवढं सांग.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? चिनूची बारावी कशी गेली? काकूंना नमस्कार सांग, गुडघा दुखतो म्हणून देवळात जायचं सोडू नका म्हणावं.

सोमवारी अण्णांना तपासायला न्यायचंय. रविवारी येऊ शकलास तर गाडी तू चालव. मी शेजारी बसेन, आणि त्या गल्लीपाशी तुला थांबायला सांगेन.

तुझाच,
दाद्या